आधी आई, मग लेखिका

आईच्या दुधावर आमच्याकडच्या पुरुषांनी जेवढ्या कविता लिहिल्यात, तेवढं दूध नारिन नदीच्या खोऱ्यातल्या सगळ्या मेंढ्यांनी मिळूनही दिलं नसेल. त्यातल्या निम्म्या कविता एकट्या असनकोजोच्या. हा आमच्या लेखक संघाचा अध्यक्ष. पाच मुलांचा बाप. धाकटा कितवीत आहे विचारा, बायकोच्या तोंडाकडे बघतो. चहा ओतायला ती, लोकरी मोजे शोधायला ती, हा लिहायला बसला की पोरांना कुजबुजत बोलायला लावायला ती. आणि हा गृहस्थ ढेकर देऊन आईच्या थोरवीवर कविता करतो. त्या कविता शाळेत पोरांना पाठ करायला लावतात, बिचारी पोरं.

वसंतात एक दिवस हाच इसम माझ्या बिश्केकच्या घरी आला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण मला ताई म्हणतो, म्हणजे आपण आपोआप तरुण.

"कुमुशायताई," तो सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला, "यंदा तुमची साठी. संघातर्फे असा समारंभ करतो की लोक नाव काढतील. मेजवानी, गाणी, खांद्यावर मानाचा मखमली झगा, चापान. आणि तुमची नवी कादंबरी सरकारी खर्चानं छापायची असं ठरवलंय आम्ही."

खोटं कशाला बोलू, मी लगेच त्याला दुसरी वाटी चहा ओतला. ती कादंबरी मी नऊ वर्षं लिहीत होते, आणि पूर्ण करून संघाकडे दिली होती. स्वतःच्या खर्चानं छापायची माझी ऐपत नाही, आणि आमचे खासगी छापखानेवाले लग्नपत्रिका आणि लोणच्यांच्या पुस्तकांपलीकडे कशाला हात लावत नाहीत.

"फक्त एक बारीकशी गोष्ट," असनकोजो म्हणाला. "तो अकरावा अध्याय."

मला वाटलंच होतं. बारीकशी गोष्ट असल्याशिवाय हा माणूस जिने चढत नाही.

अकराव्या अध्यायात एक सून आहे. तिची पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना सासू येऊन घेऊन जाते, कायमची. आमच्यात पहिलं मूल आजीआजोबांचं. ते आजीला आपा म्हणतं, म्हणजे आई, आणि जन्म देणारीला म्हणतं वहिनी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हाताऱ्यांना विरंगुळा, मुलाला लाड, सुनेचे हात मोकळे. सगळ्यांचं भलं. सुनेला विचारायची पद्धत नाही एवढंच.

"लोक म्हणतील आपल्या रीतीवर चिखल उडवलाय," तो म्हणाला. "आणि ताई, सगळ्यांना माहीत आहे ती सून कोण. तुमच्या सासूबाई अजून हयात आहेत. सत्त्याऐंशी वर्षांच्या म्हातारीची अब्रू..."

"माझ्या सासूची काळजी तू नको करूस."

"अहो, त्यांनी मुलगी नेली म्हणून तर तुम्ही लेखिका झालात! उलट त्यांचे आभार मानायला हवेत."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याच्या चालीवर भाकरी थापता येईल. मुलाखत घ्यायला येणाऱ्या पोरी सुद्धा हेच विचारतात. 'घर सांभाळून कसं लिहिलंत? मोठ्या मुलीला सासूबाईंनी सांभाळलं म्हणून जमलं, नाही का?' असनकोजोला कुणी विचारत नाही की बाबा, पाच पोरं सांभाळून तू कसं लिहिलंस. विचारलं तर तो खुर्चीवरून पडेल.

खरी गोष्ट ऐका. बेगिमायला नेल्यावर मी दीड वर्ष एक ओळ लिहिली नाही. हात मोकळे होते, अगदी मोकळे, आणि ते हात घेऊन मी भिंतीकडे बघत बसायचे. पहिलं पुस्तक लिहिलं ते दोन मुलगे झाल्यावर, एक पाठीला लोंबकळत आणि दुसरा टेबलाखाली माझ्या पायाचा अंगठा चावत. ते दोघे इथे शहरात जन्मले आणि माझ्याजवळच राहिले. मोकळ्या हातांचं कौतुक मला नका सांगू.

"अध्याय राहील," मी असनकोजोला सांगितलं. "नको असेल तर कादंबरी परत दे आणि समारंभही तुझ्याच घरी कर."

तो हसत उठला. लाज कोळून प्यालेल्या माणसाला राग येत नाही, हीच तर त्याची ताकद.

पंधरा दिवसांनी दारावर टकटक झाली. उघडते तर बेगिमाय. नारिनच्या वरच्या अंगाला आमचं गाव, तिथल्या शाळेची ती मुख्याध्यापिका. अडतीस वर्षांत ती माझ्या घरी एकटी कधीच आली नव्हती. यायची ती आपाला घेऊन, म्हणजे माझ्या सासूला घेऊन, डोळे तपासायला नाहीतर गुडघे दाखवायला.

"या," मी म्हटलं. पोटच्या पोरीला मी 'या' म्हणते. ती मला 'तुम्ही' म्हणते, मग मी तरी काय करू?

ती सोफ्याच्या कडेवर बसली. पिशवीतून लोणी काढलं, वाळवलेल्या दह्याचे गोळे काढले. "आपानं पाठवलंय," म्हणाली. मी चहा ओतला. अर्धी वाटी चहा संपेपर्यंत हवापाणी, घोडी व्यालेली, शाळेचं छप्पर. मग तिनं मुख्याध्यापिकेचा आवाज काढला.

"वहिनी, अध्यक्षांचा फोन आला होता शाळेत. तुमच्या पुस्तकात आपाबद्दल काहीतरी वाईट आहे म्हणाले."

"तुम्ही वाचलंत?"

"नाही. मला वाचायचं नाहीये. गावात सगळे वाचतील ना पण! आपा रोज संध्याकाळी वेशीवर बाकावर बसते. बायका तिच्याकडे बघून कुजबुजल्या तर ती मरून जाईल हो. तिनं मला काही कमी केलं नाही. ताप आला तर रात्र रात्र बसली. मला शिकवलं. तिला कशाला बोल लावायचा आता?"

 ती बोलत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिथेच तर माझी अडचण होती. सासू राक्षसीण असती तर मी तीस वर्षांपूर्वीच लिहून मोकळी झाले असते.

बेगिमायनं वाटी खाली ठेवली. तिचे कान लाल झाले होते. "अध्यक्ष म्हणाले, समारंभात तुमच्या खांद्यावर चापान मी घालायचं. आणि... तुम्ही तो भाग काढलात तर मी तिथे तुम्हाला आपा म्हणेन. सगळ्यांसमोर."

बघा, मेल्याची अक्कल बघा! आयुष्यभर आईच्या कविता पाडल्या त्या फुकट नाही गेल्या. नेम बरोबर कुठे धरायचा ते त्याला कळलं.

मी त्याच क्षणी पोरीला हाकलायला हवं होतं. जगातल्या समस्त अध्यक्षांना तुच्छ लेखणारी मी, वर्तमानपत्रवाले म्हणतात 'फटकळ लेखणीची कुमुशाय'! आणि मी काय केलं? मी विचारलं, "खरंच म्हणाल?"

"म्हणेन."

"ठीक आहे," मी म्हटलं. "काढते."

ती गेल्यावर मी असनकोजोला फोन केला आणि अध्याय काढ म्हणून सांगितलं. "मला खात्री होती ताई," तो म्हणाला, "शेवटी आईचं काळीज." मी फोन आपटला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. नऊ वर्षांतला जो एकच तुकडा लिहिताना माझा हात खोटं बोलला नाही असं मला वाटत होतं, तो मी एका शब्दाच्या बदल्यात दिला. आणि तरी पुढचे सगळे दिवस मी स्वयंपाकघरात काम करता करता थांबायचे आणि मनात म्हणून बघायचे, ती कशी म्हणेल. माझी मलाच शरम वाटायची, पण म्हणून बघायचं काही सुटलं नाही.

समारंभाचा दिवस आला. शहरातलं मोठं मेजवानीघर, झुंबरं, तीनचारशे माणसं. व्यासपीठावर मागे भलामोठा फलक: 'आधी आई, मग लेखिका'. माझा फोटो असा काही गुळगुळीत केला होता की मी मैद्याची वाटत होते.

"हे कुणी सुचवलं?" मी फलकाकडे बोट दाखवून विचारलं.

"मीच," असनकोजो लाजत म्हणाला.

"तुझ्या साठीला काय लिहिलं होतं?"

"'पर्वतांचा आवाज'."

"बाप कितव्या नंबरवर होता?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

मग शुभेच्छांची भाषणं सुरू झाली. आमच्यात प्याला हातात घेतल्याशिवाय कुणी बोलत नाही आणि एकदा बोलायला लागल्यावर प्याला रिकामा होईपर्यंत थांबत नाही. एक कवी म्हणाला, कुमुशायताईंच्या लेखणीत शाई नाही, दूध आहे. दुसरा म्हणाला, त्यांच्या कादंबऱ्या वाचताना भाकरीचा वास येतो. माझी एकही कादंबरी त्यानं वाचलेली नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, माझ्या कादंबऱ्यांत युद्ध आहे, तुरुंग आहे, भाकरी फारशी नाहीच. एका समीक्षकानं सांगितलं की बायकांचं लिखाण घरगुती असतं पण ताईंचं मात्र मर्दानी आहे. टाळ्या! मेंढी आली. शिर असनकोजोपुढे ठेवलं, मानाचं म्हणून. माझ्यापुढे शेपटाकडचा तुकडा, बाईमाणसाचा मान म्हणून. साठी माझी, शिर त्याचं.

सगळ्यात पुढच्या टेबलावर, मानाच्या जागी, माझी सासू बसली होती. बुरूल म्हातारी. डोक्याला म्हाताऱ्या बायकांचा पांढराशुभ्र फेटा, हातात काठी, भाषणांनी डोळा लागलेला. तिच्याइतकी शहाणी प्रतिक्रिया त्या दिवशी दुसऱ्या कुणाची नव्हती. माझा नवरा, तिचा मुलगा, जाऊन सहा वर्षं झाली. आम्हा दोघींत आता बेगिमायशिवाय काहीच उरलं नव्हतं.

"आणि आता," असनकोजोनं आवाज ओला केला, "चापान घालायला येत आहे ताईंची लाडकी लेक!"

बेगिमाय वर आली. हिरव्या मखमलीचं जरीचं चापान तिच्या हातांवर होतं. मी उभी राहिले.  तिनं चापान उलगडलं, एका खांद्यावर ठेवलं, ध्वनिक्षेपकाकडे वळली आणि स्वच्छ, खणखणीत, हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाली, "आपा!"

"काय गं सोन्या?"

समोरून उत्तर आलं. म्हातारी दचकून जागी झाली होती. "आले, आले! काय झालं तुला?" ती काठी शोधत उठायला लागली, काठी घसरली, वाटी कलंडली. आणि बेगिमाय, तिनं क्षणभरही विचार केला नाही हो, चापान तसंच अर्धं टाकून पायऱ्या उतरून धावली. "बस आपा, बस, मला काही नाही झालं. पडशील ना!"

सभागृह हसलं. वाईट नाही हसलं, मायेनं हसलं, काही जणांनी डोळे पुसले. किती गोड, किती गोड! मी व्यासपीठावर एका खांद्यावर चापान लोंबत उभी. ज्या शब्दासाठी अध्याय विकला तो शब्द माझ्या कानावरून जाऊन जिचा होता तिच्या पदरात पडला. पोरीनं सौदा पाळला होता, तिचा काही दोष नाही. आणि म्हातारीचाही काय दोष? अडतीस वर्षं त्या हाकेला तीच ओ देत आलीय.

बेगिमाय परत वर आली, तोंड कानशिलापर्यंत तापलेलं. "माफ करा," पुटपुटली आणि चापानची दुसरी बाजू नीट केली.

"बोला ताई, दोन शब्द आभाराचे," असनकोजोनं घाईघाईनं ध्वनिक्षेपक माझ्या हातात कोंबला.

"दोन नाही," मी म्हटलं. "एक अध्याय आहे. माझ्या कादंबरीतून काढलाय, त्यामुळे तुम्हाला वाचायला मिळणार नाही. ऐका तरी. आणि असनकोजो, उद्या तो परत घाल. नाही घातलास तर मी बाजारात फळीवर उभी राहून वाचेन, कणसं विकतात तिथे."

"ताई, जेवण गार होतंय..."

"तुझ्यापुढे मेंढीचं डोकं आहे, त्याच्याशी बोल."

मी सांगायला लागले. कागद कशाला लागतोय? शरद ऋतू, शाळामास्तर नवऱ्याची खोली, आठ महिन्यांची मुलगी. सासू सामूहिक शेतीच्या ट्रकमधून येते. चहा पिते. म्हणते, 'तू शिक बाई, लिही, पोरगी माझी.' सून काही बोलत नाही, सुनांनी बोलायचं नसतं. सासू बाळाला मेंढीच्या कातड्यात गुंडाळते, ट्रकमध्ये पुढे बसते. आणि सून दारात उभी राहते, निश्चल, डोळ्यांत पाणी नाही, ट्रक डोंगराआड दिसेनासा होईपर्यंत तशीच उभी राहते.

 बेगिमाय माझ्या शेजारी खाली मान घालून उभी होती. मी मुद्दाम म्हातारीकडे बघितलं नाही.

"खोटं आहे!"

म्हातारीच ती. काठी आपटत उभी राहिलेली. असनकोजोचा चेहरा उजळला. "बघा, आजी स्वतःच सांगतायत. आजी, बसा तुम्ही, तुमच्या अब्रूला आम्ही धक्का..."

"तू गप रे! तुला कुणी विचारलं? चार मेंढ्या राखता येत नाहीत आणि माझी अब्रू राखायला निघालाय!" मग तिनं काठी माझ्यावर रोखली. "एवढी पुस्तकं लिहिलीस आणि खोटं लिहितेस? उभी कुठे राहिलीस गं तू? धावलीस की! ट्रकच्या मागे धावलीस, अनवाणी, पार पुलापर्यंत. जमीन गोठलेली. ड्रायव्हर म्हणाला, आजी, थांबवू का? मी म्हटलं, चालव. आरशात दिसत होतीस तू. मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडे असते तर पोर परत द्यावी लागली असती."

ती खाली बसली. फेटा नीट केला. "माझा पहिला नेला होता तेव्हा मी उभी राहिले होते," ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, पण कमी ऐकू येणाऱ्याचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू गेला. "मला धावायचं सुचलं नाही."

 धावले होते, पुलापर्यंत, खरं होतं. पुलावर पडलेही होते. आणि नऊ वर्षं बसून, खाडाखोड करून, मी तिला दारात उभी केली, कारण आमच्या साहित्यात चांगली आई दारात उभी राहते, चिखलात किंचाळत धावत नाही. म्हणजे मीही शेवटी असनकोजोच्याच पंगतीतली. मीही आईचा पुतळाच केला होता, माझा स्वतःचा. माझ्या एकुलत्या एक खऱ्या अध्यायावर थुंकावंसं वाटलं मला.

असनकोजो वादकांना हातानं खुणावत होता, वाजवा, वाजवा. एकानं कोमुझची तार छेडली आणि शेजारच्यानं त्याचा हात धरला.

बेगिमाय माझ्याकडे वळली. माझ्या पायांकडे बघत होती, नव्या काळ्या बुटांकडे, जणू त्यात काही दिसणार होतं. ध्वनिक्षेपक अजून माझ्या हातात, दोघींच्या मधे, चालू.

"वहिनी," ती म्हणाली, आणि तीनचारशे माणसांनी ते ऐकलं. "तू माझ्यामागे धावली होतीस?"

"हो," मी म्हटलं. "ट्रक जोरात होता."